पदराची गाठ आणि पेंटॅगॉन

एखादी गोष्ट विसरू नये म्हणून आपल्याकडे बायका पदराला गाठ मारत. अमेरिकेत त्याच कामासाठी बोटाला दोरा बांधायची पद्धत होती. (मोबाईल आल्यापासून दोन्ही बाद!) १९८२ साली डेन्व्हरमधल्या जस्टीन मेरिट नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या, नातवंडं असलेल्या आजीच्या, मनात आलं की असाच एक दोरा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाला, म्हणजे थेट पेंटॅगॉनलाच बांधला तर? अणुयुद्ध झालं तर काय काय गमवावं लागेल, याची आठवण म्हणून.

तो काळ तसा होता. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात शस्त्रांची चढाओढ चालू होती. १२ जून १९८२ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध जमलेल्या लोकांचा आकडा दहा लाखांच्या घरात सांगतात. पण मोर्चा एका दिवसाचा असतो. संध्याकाळी सगळे घरी जातात. मेरिटबाईंचं डोकं वेगळं चाललं. मोर्चाला येऊ न शकणाऱ्या, घोषणा द्यायला लाजणाऱ्या माणसालाही करता येईल असं काम त्यांना हवं होतं.

त्यांच्याकडे ना संघटना होती, ना पैसा. होती ती नाताळची भेटकार्डं पाठवायची यादी. त्या यादीतल्या मित्रमैत्रिणींना त्यांनी पत्रं लिहिली, त्यांनी आपल्या ओळखीच्यांना सांगितलं, आणि चर्च, शाळा, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचे गट अशा वाटांनी ही गोष्ट पसरत गेली. हळूहळू वेगवेगळ्या राज्यांत काम सांभाळणारे स्वयंसेवक उभे राहिले. ईमेल नाही, वेबसाईट नाही. सगळं टपाल आणि टेलिफोन!

इंजिनियर म्हणून मला यातली सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचं 'स्पेसिफिकेशन'. कापडाचा तुकडा ३६ इंच लांब आणि १८ इंच रुंद हवा, आणि शेजारच्या तुकड्याला बांधता यावं म्हणून कोपऱ्यांना नाड्या हव्यात. विषय एकच: अणुयुद्धात कायमचं नष्ट होईल ही कल्पनाही मला सहन होत नाही, असं काय आहे? बाकी सगळं तुमच्यावर. भरतकाम करा, रंगवा, जुने कपडे कापून लावा. कुणी नातवंडांची नावं भरली, कुणी झाडं, कुणी पक्षी. जोडणीचे नियम अगदी पक्के आणि आतला मजकूर पूर्ण मोकळा. हजारो अनोळखी माणसांकडून एकच वस्तू बनवून घ्यायची तर याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. आणि विषयही बघा, 'कुणाचा धिक्कार असो' असा नाही. त्यामुळे राजकारणापासून चार हात दूर राहणारी माणसंही सुई-दोरा घेऊन बसली.

आता थोडा हिशोब करू. पेंटॅगॉनची प्रत्येक बाहेरची भिंत ९२१ फुटांची. पाच बाजू म्हणजे ४,६०५ फूट. तुकडा तीन फुटांचा, म्हणजे एक फेरा घालायला साधारण १,५३५ तुकडे पुरेत. एवढे तरी जमतील का, हीच सुरुवातीला काळजी असणार. प्रत्यक्षात सुमारे २५,००० आले! टोकाला टोक लावून मोजलं तर चौदा-पंधरा मैल. एका तुकड्याला वीस तास लागले असं धरलं (हा माझा अंदाज, आणि शिवणकाम जाणणारे तो कमीच म्हणतील) तर पाच लाख तास झाले, म्हणजे एका माणसाची अडीचशे वर्षांची नोकरी. तीही बिनपगारी.

हिरोशिमाला चाळीस वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, रविवार ४ ऑगस्ट १९८५ रोजी, हजारो लोक ही फीत हातात धरून उभे राहिले. पेंटॅगॉनला वेढा घालूनही ती संपेना, तेव्हा पोटोमॅक नदी ओलांडून लिंकन स्मारक आणि पुढे कॅपिटॉलपर्यंत गेली. ना दगडफेक, ना आरडाओरडा.

मग पुढे काय झालं? सोमवारी पेंटॅगॉन नेहमीसारखं उघडलं. १९८६ मध्ये जगातल्या अण्वस्त्रांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे आजवरच्या शिखरावर पोचली. डिसेंबर १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला. त्याचं श्रेय या फितीला देणं भाबडेपणाचं होईल. आणि तो करारही २०१९ मध्ये संपला. आज अण्वस्त्रं बारा हजारांच्या आसपास आहेत. कमी झाली खरी, पण शहरं बेचिराख करायला पुरून उरतील इतकी आहेत. त्यात १९७४ आणि १९९८ च्या पोखरणनंतर आपलाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

मला हा इतिहास जवळचा वाटतो त्याला आणखी एक कारण आहे. इथल्या इंजिनियरिंगच्या संशोधनाला संरक्षण खात्याचा बराच पैसा मिळतो. पीएचडी करताना आजूबाजूच्या कितीतरी जणांची शिष्यवृत्ती त्याच खात्यातून येई. आज जे इंटरनेट आपण वापरतो, त्याचा पूर्वज अर्पानेटही १९६९ मध्ये त्याच पैशातून सुरू झाला. म्हणजे 'ते' वाईट आणि 'आपण' चांगले अशी सरळ रेघ मला मारता येत नाही. पेंटॅगॉनच्या आत बसलेली माणसंही कुणाचे तरी आईबाप होतीच, आणि मेरिटबाईंचा प्रश्न त्यांनाही तितकाच लागू होता. माझ्या मते फितीची ताकद इथेच होती. तिने कुणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. फक्त आठवण करून दिली.

गाठ मारल्याने काम आपोआप होत नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. ते काम नंतर करावंच लागतं. पण गाठ हाताला लागली की आपण क्षणभर थांबतो, नेमकं काय विसरत होतो ते आठवायला.

तुम्हाला कधी तो तीन फुटांचा कापडाचा तुकडा मिळाला, तर त्यावर तुम्ही काय भराल? विचार करून बघा. मी बरेच दिवस करतोय, आणि यादी काही तीन फुटांत मावत नाही.