सर्कशीच्या गावातला भूगंधर्व

कुरुंदवाडला पाहुणा आला की पहिल्यांदा बासुंदी कुठं मिळते ते विचारतो. त्यात गैर काही नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळची काळी जमीन, हिरवी वैरण आणि दावणीच्या म्हशी. त्या दुधाची कीर्ती पंचगंगेपलीकडच्या नृसिंहवाडीला येणाऱ्या दत्तभक्तांनी दूरवर नेली. पाहुणा घाटावर जातो, सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी म्हणून जी दाखवतात तिच्यापुढं हात जोडतो, सवड असली तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पाहतो. मी मात्र त्याला घोड्यांची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

पटवर्धनांचं हे छोटं संस्थान. १८५४ साली त्याच्याही थोरली पाती, धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या; १९४८ साली ते विलीन झालं. थोरल्या पातीचे बाळासाहेब पटवर्धन हे विष्णुपंत छत्र्यांचे आश्रयदाते. विष्णुपंत मूळचे अंकलखोपचे. तरुणपणी ग्वाल्हेरला जाऊन त्यांनी दोन विद्या मिळवल्या. हद्दू खाँसाहेबांकडून गाणं आणि बाबासाहेब आपट्यांकडून घोडा. पुढे किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली. इथल्या लोकांना हे जमायला फार वर्षं लागतील, असं तो म्हणाल्याची कथा सांगतात. विष्णुपंतांनी २० मार्च १८८० रोजी मुंबईतच बाळासाहेबांसमोर आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. इंग्रजी लिखाणात या आश्रयदात्याला ‘कुर्डुवाडीचा राजा’ केलेलं आहे. कुर्डुवाडीला रेल्वेचं जंक्शन आहे, राजा कुठला?

पण मला घोड्यांपेक्षा गाण्याची गोष्ट अधिक जवळची. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ अफूच्या नादानं पार कोलमडले होते. काशीत विपन्न अवस्थेत फिरताना ते विष्णुपंतांच्या दृष्टीस पडले. गुरूचा मुलगा! त्यांनी त्यांना उचलून आपल्याबरोबर आणलं. सर्कस गावोगाव फिरे आणि खाँसाहेबही तिच्याबरोबर फिरत, गात. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीवरही त्यांची छाया पडली. १९०५ मध्ये विष्णुपंत गेले, तरी त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना अंतर दिलं नाही. १९२२ साली कुरुंदवाडलाच त्यांनी डोळे मिटले.

माझे आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. म्हशी पाण्यावर नेताना खाँसाहेबांचा आवाज कानी आला की पाय थबकत आणि म्हशी पुढं निघून जात, असं ते सांगत. त्यात खरं किती, ते त्यांनाच ठाऊक. आमच्या घरी मात्र त्यांच्या भैरवीची एक कॅसेट होती. जुन्या तबकडीवरून कुणी तरी उतरवून दिलेली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी दारात आलं तेव्हा आधी दोन म्हशी सोडल्या, मग आईला बाहेर काढलं. कॅसेट फळीवरच राहिली. पाणी ओसरल्यावर हाती आली ती चिखलानं भरलेली. आई म्हणाली, “जनावरं वाचली ना, मग रडतोस कशाला?” मी रडत नव्हतो, असं तिला सांगितलं.

आता तीच भैरवी पुतण्यानं मोबाइलवर शोधून दिली आहे. पहाटे धारा काढताना तो ती गोठ्यात लावतो. सुरुवातीला खरखर फार आहे. मग आवाज येतो.