संकेतस्थळाचे वाचक: बदलत्या मापांची गोष्ट

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातले पहिले संकेतस्थळ उभे केले. १९९१ च्या उन्हाळ्यात त्या सर्व्हरकडे दिवसाला सुमारे १०० मागण्या येत. १९९२ च्या उन्हाळ्यात त्या १,००० झाल्या आणि १९९३ मध्ये १०,०००. साध्या आलेख-कागदावर हे तीन बिंदू मांडून पाहा. पहिला बिंदू आडव्या अक्षाला चिकटलेला दिसेल, म्हणजे पहिल्या वर्षी जणू काहीच घडले नाही! तेच लॉग कागदावर मांडले तर सरळ रेषा मिळते. दरवर्षी दहापट, ही गोष्ट तिथेच नजरेत भरते. दोन काळांतल्या संकेतस्थळाची तुलना करण्याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण असावे.

हे आकडे आले कुठून? सर्व्हर स्वतःची नोंदवही ठेवतो. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली, ती देता आली की नाही, किती बाइट पाठवले, अशी प्रत्येक मागणीची एक ओळ. अशा एका ओळीला 'हिट' म्हणू लागले. सुरुवातीला पान म्हणजे नुसता मजकूर, म्हणजे एकच फाइल. त्यामुळे हिट मोजल्या की पाने मोजल्यासारखेच होते.

पुढे १९९३ मध्ये मोझेइक ब्राउझर आला आणि पानात मजकुराबरोबर चित्रे दिसू लागली. प्रत्येक चित्र ही वेगळी फाइल, म्हणून वेगळी हिट. समजा, एका पानावर ७ चित्रे आहेत. ते १,००० जणांनी उघडले तर ८,००० हिट होतील. पुढच्या महिन्यात सहा चित्रे काढून एकच ठेवले आणि वाचक वाढून १,५०० झाले, तर हिट होतील ३,०००. वाचक दीडपट, आणि आकडा निम्म्याहूनही खाली! हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. 'आमच्या स्थळाला लाखो हिट' अशा जाहिराती त्या दशकात सर्रास होत. त्यांतून वाचकांची संख्या कळत नसे, फार तर पान किती सजवले आहे ते कळे.

नोंदवहीत दुसरीही भेसळ होती. १९९३ मध्येच एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रे यांनी वेबवर किती सर्व्हर आहेत हे मोजण्यासाठी आपोआप फिरणारा एक प्रोग्रॅम सोडला. मोजायला निघालेला हा पाहुणा ज्या सर्व्हरवर जाई तिथे स्वतःच गर्दी करी. आजही नोंदवहीतल्या कितीतरी ओळी अशा यंत्रांच्याच असतात. उलट, एकदा पाहिलेल्या पानाची प्रत ब्राउझर जवळ ठेवतो. ते पान पुन्हा उघडले तर सर्व्हरला पत्ताच लागत नाही. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी.

यावर उपाय म्हणून मोजणीची जागाच बदलली. पानात जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा ठेवायचा आणि वाचकाच्या ब्राउझरनेच 'पान उघडले' असा निरोप पाठवायचा. वाचक पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून कुकी. ती नेटस्केपमध्ये १९९४ साली आली होती. या व्यवसायातली अर्चिन नावाची कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट उपलब्ध केले. एवढी झुंबड उडाली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. (मोबाइलवर आलेल्या लांबलचक दुव्यांत 'यूटीएम' अशी अक्षरे दिसतात ना? त्यातला 'यू' त्या अर्चिनचाच.)

आता एकक झाले 'भेट', म्हणजे एका वाचकाची सलग ये-जा. पण भेट संपली केव्हा म्हणायची? अर्धा तास हालचाल नसेल तर संपली, असे ठरले. शिवाय मध्यरात्री दिवस बदलला की भेटही मोडायची. रात्री ११:५० ते १२:२० वाचत बसलेला माणूस त्यामुळे दोनदा मोजला जाई. २०२० मध्ये आलेल्या जीए-४ या नव्या आवृत्तीत मध्यरात्रीचा नियम नाही. तिथे त्याची भेट एकच.

'बाउन्स रेट'ची तर व्याख्याच बदलली. पूर्वी एकच पान पाहून, दुसरी काही हालचाल न करता गेलेला माणूस 'परतला' असे धरत. ग्रहणावरचा लेख पाच मिनिटे मन लावून वाचून गेलेला वाचकही त्यात येई. नव्या व्याख्येत दहा सेकंदांहून अधिक थांबलेला 'परतलेल्यां'त येत नाही. वाचक तोच, वाचनही तेच, पण आधी नापास आणि आता पास.

आपल्याकडे १९५८ पासून शेर जाऊन किलो आले. एक शेर म्हणजे ०.९३३१ किलो, हे ठाऊक असल्याने जुने भाव आजही नव्या मापात बसवता येतात. जुन्या बाउन्स रेटला नव्यात बदलणारा असा गुणक नाही. प्रत्येक भेटीची मूळ नोंद हाती असती तर पुन्हा मोजता आले असते. पण मोफत वापरणाऱ्यांसाठी जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ ला मोजणी थांबवली, जुनी माहिती नव्या आवृत्तीत नेता येत नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून ती पाहण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी आपले आकडे वेळेवर उतरवून घेतले नाहीत त्यांचा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास गेला. फुकटच्या मोजपट्टीची ही किंमत मला तरी जबर वाटते.

माप तेच राहिले तरी पंचांग आडवे येते. रोजचे वाचक तेवढेच असले तरी ३१ दिवसांच्या जानेवारीपेक्षा २८ दिवसांच्या फेब्रुवारीत जवळजवळ १० टक्के घट दिसणारच. जीए-४ सुरुवातीला २८ दिवसांचा काळ दाखवते, कारण त्यात प्रत्येक वार बरोबर चारदा येतो. गेल्या वर्षीचा तोच महिना घेतला की झाले, असेही नाही. राज्याच्या दहावीचा निकाल २०२३ मध्ये २ जूनला लागला आणि २०२४ मध्ये २७ मेला. निकाल दाखवणाऱ्या स्थळाच्या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांची तुलना केली तर वाचक प्रचंड वाढल्याचे दिसेल आणि जूनची केली तर कोसळल्याचे. तिथे निकालाचा दिवस शून्य धरून त्याच्या मागचे-पुढचे दिवस मोजावे लागतात.

हवामान केंद्रात नवे उपकरण आणताना जुने लगेच काढत नाहीत. काही काळ दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्या नोंदींतला फरक पाहतात. काही संकेतस्थळांनी २०२३ पूर्वी नेमके हेच केले. जुनी-नवी मोजणी काही महिने बरोबर चालवली, दोन्हींतला फरक लिहून ठेवला आणि आलेखावर बदलाच्या तारखेला एक उभी रेघ मारली. त्यांना त्या रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांबद्दल आज निदान काही बोलता येते.