माळवदावरची बावीस इंच माती

रोहिण्या निघाल्यात, रानातली मोगडणी उरकली. मृगाच्या आधी चार दिवस मोकळे मिळाले म्हणून जुन्या घराच्या माळवदावर चढलो होतो. आज पिकाचं नाही, त्या माळवदाचं लिहितो. पण गोष्ट मातीचीच आहे.

घर पंजोबांच्या वेळचं. आता त्यात आई राहते, मागच्या खणात कडबा आणि बियाण्याची पोती. मागच्या पावसाळ्यात कोपऱ्यात गळायला लागलं. आई म्हणाली, "चार पाट्या माती टाक, थांबतंय." मी खोरं घेऊन गळती शोधायला खड्डा घेतला, आणि मृदा परीक्षणाला घेतो तसा सरळ छेद उघडा पडला. पांढऱ्या मातीचा थर, त्याखाली भुशाची रेघ, परत माती, परत रेघ. टेपनं मोजलं, किलच्यांपर्यंत बावीस इंच. आमच्या घराण्याचे सगळे उन्हाळे एकावर एक रचलेले होते.

नव्या पोरांसाठी सांगतो. आमच्या लातूर-धाराशिव-सोलापूरकडं पाऊस कमी, ऊन जास्त. कोकणासारखं उतरतं छप्पर इथं लागत नव्हतं. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच्या, वर पाला-पाचट आणि मग माती. मे महिन्यात आत गारवा, वर धान्य आणि मिरच्या वाळवायला जागा, रात्री झोपायला आभाळ. आताच्या पत्र्याखाली दुपारी बसून बघा, म्हणजे जुन्या लोकांची अक्कल कळते.

माती मात्र कोणतीही चालत नसे. रानातली काळी उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते. ती वर टाकली तर घर गळणारच. म्हणून गढीची नाहीतर गावठाणाची पांढरी माती आणायची. ती चिकट, खारवट, भेगा कमी, गवतही फारसं धरत नाही. पाडवा झाला की गाड्या जुंपायच्या. भुसा-शेण घालून चिखल तुडवायचा, पसरायचा, चोपायचा आणि पन्हाळीकडं उतार द्यायचा. श्रावणात वर उगवलेलं गवत उपटायचं, कारण मुळाच्या वाटेनं पाणी आत शिरतं. हे दरसालचं काम, औत-फाट्याच्या दुरुस्तीसारखंच.

माझा आजा नवी माती टाकायच्या आधी जुनी खरवडून खाली टाकायचा. मला वाटायचं, हा म्हातारा कामाचं काम वाढवतो. पुढं माणूसबळ कमी झालं, वडलांच्या काळात खरवडणं सुटलं. गळलं की टाक चार पाट्या. त्या वर्षापुरतं गळणं थांबायचं, म्हणून कुणाला त्यात चूक दिसली नाही. गावोगाव हेच झालं.

आता हिशेब करू. दहा बाय दहा फुटाची खोली धरा. एक इंच मातीचं वजन साधारण पावणेचार क्विंटल. बावीस इंचाचे ८० क्विंटलच्या वर, म्हणजे आठ टन. हे कोरड्या मातीचं. मुरलेलं पाणी वेगळं. सोयाबीनची ५० किलोची १६० पोती डोक्यावर टांगून आम्ही निवांत झोपत होतो.

हे ओझं काय करतं ते आमच्या भागानं ३० सप्टेंबर १९९३ ला पाहिलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. मी तेव्हा नववीत होतो. आमचं गाव तिथून चाळीसेक किलोमीटरवर. भांडी पडली, माळवदातून माती गळली, आजा आम्हाला ओढत अंगणात घेऊन आला. आमचं घर राहिलं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मात्र सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली.

भूकंप ६ रिश्टरच्या थोडा वरचा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसं मरत नाहीत. इथं माणसं घरांनी मारली. आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान धक्के बसले होते. पण भूकंपाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. घर बांधताना-राखताना पाऊस, ऊन आणि चोर यांचाच विचार व्हायचा. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारीचा भाग वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात आला.

भिंती दोन-तीन फूट रुंद, दिसायला किल्ल्यासारख्या. पण आतून-बाहेरून दगडाचे दोन थर, मधे गोटे-मातीची भरती, जोडायला चिखल. दोन्ही थरांना बांधणारे लांब आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादऱ्यानं थर सुटून फाकले. वर माती जितकी जास्त, तितका झोक मोठा. भरलेली बैलगाडी एकदम थांबवली तर जू आणि बैलांवर काय ताण येतो ते आपल्याला माहीत आहे. रिकाम्या गाडीचं तसं होत नाही. तसंच घराचं. आणि माळवद खाली आलं की दगडाबरोबर कित्येक फूट माती. त्यात श्वास घ्यायलासुद्धा फट राहत नाही.

त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. जिथं लाकडी खण मजबूत होते, खांब-तुळयांचे सांधे पक्के होते, तिथं भिंती ढासळल्या तरी खांबांवर माळवद तसंच उभं होतं आणि खालची माणसं वाचली. म्हणून सगळी जुनी पद्धतच वाईट होती, असं मी म्हणणार नाही. सांगाडा चांगला होता. त्यावर आपण दरसाल ओझं चढवत गेलो आणि उतरवायचं विसरलो.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, बावन्न गावं नव्या जागी वसली, सिमेंटची घरं आली. लोकांनी माळवदाचा धसकाच घेतला. पण सगळी माळवदं गेली नाहीत. आजही कितीतरी गावांत म्हातारी माणसं, जनावरं, कडबा त्याच्याच खाली आहे. भूकंप नसला तरी अतिवृष्टीत भिजून माळवद बसतं.

तर यंदा मी चार पाट्या टाकल्या नाहीत. आईला आणि पोत्यांना पंधरा दिवस भावाकडं हलवलं. जाणत्या सुताराला बोलावून तुळया, खांब तपासले. एक सर वाळवीनं पोखरलेला निघाला, बदलला. खालून टेकू दिले. दोघंच माणसं वर, माती चारी बाजूंनी सारखी कमी केली, एका कोपऱ्यात ढीग होऊ दिला नाही. खाली टाकलेली माती भिंतीला लागून ठेवली नाही, तिथं पाणी मुरून पाया भिजतो. सहा इंच ठेवली. त्यातच मधे प्लॅस्टिकचा कागद, वर चोपलेला थर आणि पन्हाळीकडं उतार. खोलीमागं साठ क्विंटल ओझं उतरलं. उतरलेली माती रानात टाकायचा विचार आहे, गावठाणाची माती जुने लोक खत म्हणून टाकतच होते. पण खारवट आहे, म्हणून आधी क्षार तपासून घेणार.

आई परत आली, वर बघून म्हणाली, "एवढीशी माती? गळलं म्हणजे?" मी म्हणालो, "गळलं तर बादली ठेवू."

तुमच्याकडं माळवद असेल तर मृगाच्या आधी एक काम करा. कोपऱ्यात खड्डा घ्या, टेप लावा, किती इंच भरतंय बघा. वीतभरापेक्षा जास्त निघालं, तर नवी पाटी वर नेऊ नका. आधी जुनी खाली आणा, आणि तीसुद्धा जाणत्या माणसाला सोबत घेऊन.