महदंबा

महदंबा (महदाइसा, मूळ नाव रूपाई) : (तेराव्या शतकाचा उत्तरार्ध). मराठीतील आद्य कवयित्री आणि ‘धवळे’ या विवाहगीतांची कर्ती. महानुभाव पंथाचे पहिले आचार्य नागदेव हे नात्याने तिचे भाऊ. बालपणीच वैधव्य आल्यावर ती परमार्थाकडे वळली. आधी ती रामदेव ऊर्फ दादोस यांच्या परिवारात होती, पुढे पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींची अनुयायी झाली. चक्रधरांच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात ती ठायी ठायी भेटते ती प्रश्न विचारताना. देवाविषयी, आचाराविषयी, आधी ऐकलेल्या कथांविषयी तिला काही ना काही विचारायचेच असते आणि स्वामी तिला टाळत नाहीत.

चक्रधरांच्या उत्तरापंथे (उत्तरेकडे) गमनानंतर नागदेव, लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट आदी मंडळी रिद्धपूरला (आजचा मोर्शी तालुका, जि. अमरावती) चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. महदंबाही त्यांत होती. गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे अवधूत वृत्तीचे. लहर आली की वाटेल ते करावे, मागावे, रुसावे. एकदा त्यांना लग्नाची लहर आली. भक्तांनी त्या लहरीचाही सोहळा मांडला, आणि लग्न म्हटले की गाणी हवीतच! महदंबेने त्या प्रसंगी जे गायिले, ते धवळे.

तिने विषय निवडला श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा, आणि इथेच तिची समज दिसते. महानुभावांच्या पंचकृष्णांत द्वारकेचे श्रीकृष्णही येतात आणि गोविंदप्रभूही. म्हणजे गाणारीच्या लेखी समोरचा वर आणि कथेतला वर एकाच परमेश्वराचे अवतार. त्यात रुक्मिणी विदर्भाची लेक. तिचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, आजच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. रुक्मिणीने ब्राह्मणाहाती धाडलेला निरोप, रुक्मीचा हट्ट, शिशुपालाची वरात, अंबिकेच्या देवळाबाहेरून झालेले हरण ही कथा भागवतातली आहे, पण निवेदनात जिव्हाळा आहे तो लग्नघरातल्या बाईचा. पांडित्याचा सोस नाही. ओवीला जवळचा सैल छंद आणि चरणान्ती यमक असल्यामुळे ऐकणाऱ्याला पुढचा चरण आधीच जाणवू लागतो. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून धवळ्यांची संख्या सामान्यतः १४८ धरतात; पूर्वार्ध त्या प्रसंगातला, उत्तरार्ध नंतरचा मानला जातो. नरेंद्राचे विद्वत्ताप्रचुर ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१२९२) याच कथेवर, पण या धवळ्यांनंतरचे आहे.

वाङ्मयेतिहासात धवळ्यांचा विचार बहुधा काव्य म्हणूनच होतो. ते अपुरे आहे, कारण ही मुळात गायनासाठी, एका विशिष्ट प्रसंगी झालेली रचना आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात प्रबंधांची, म्हणजे बांधीव गेय रचनांची, वर्णने दिली आहेत. त्यांतल्या विप्रकीर्ण गटात धवल, मंगल आणि ओवी ही तिन्ही नावे आढळतात. म्हणजे महदंबेच्या आधीच्या पिढीत धवळ्याला संगीतशास्त्राने स्थान दिले होते; बायकांच्या तोंडी तो त्याआधीपासून असणार. तिने हा रुळलेला गीतप्रकार घेऊन त्यात सलग आख्यान ओवले. जर्मनीतील बिंगेनची हिल्डेगार्ड (१०९८–११७९) ही मठवासी संगीतकार महदंबेच्या सुमारे शतकभर आधीची; हिल्डेगार्डच्या भजनांचे स्वर नोंदलेले असल्याने ती आजही गाता येतात. आपल्याकडे अशा गीतांची चाल गळ्यातून गळ्यात जाई, सहसा लिहून ठेवली जात नसे. महदंबेचे शब्द उरले, मूळ चाली गेल्या.

‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली रचना आणि ‘गर्भकांड ओव्या’ याही तिच्या नावावर आहेत, पण धवळ्यांची सहजता त्यांत नाही. तिच्या उत्तरायुष्यातील काही प्रसंग ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात येतात.

महानुभाव ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्याने पंथाबाहेरच्या वाचकांना ते शतकानुशतके अगम्य होते. वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपी उलगडली. त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे आदी अभ्यासकांनी हे साहित्य उजेडात आणले. धवळ्यांचे संपादन वा. ना. देशपांडे यांनी केले. मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपुरातच सुरू झाले आहे. धवळ्यांच्या हस्तलिखितांतील पाठभेदांचा अभ्यास तिथे व्हावा, आणि त्यासोबत वऱ्हाडातील लग्नघरांत आजही गायिल्या जाणाऱ्या गाण्यांचे ध्वनिमुद्रणही.