दुर्गम डोंगरमाथ्यांवरील मृगया : निर्जन जागांचा शोध आणि त्याची किंमत

अमेरिकेच्या पश्चिम भागातील रॉकी पर्वतराजीत ऑगस्टच्या अखेरीपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. कोलोरॅडो, वायोमिंग, आयडाहो, मोंटाना, यूटा या राज्यांतील सरकारी जंगलांत शिकारी मोठ्या संख्येने उतरतात. जंगलातील कच्च्या रस्त्यांच्या कडेला गाड्यांच्या रांगा लागतात, तळांवर तंबूंची दाटी होते आणि एकाच दरीत चार-पाच बंदुका एकाच कळपाच्या मागावर असतात. या गर्दीला टाळून काही शिकारी पाठीवर आठवडाभराचा शिधा बांधतात आणि वाहनरस्ता संपतो तेथून पुढे, अकरा-बारा हजार फुटांवरील डोंगरमाथ्यांकडे पायी निघतात. शिकारीच्या या प्रकाराला तेथे ‘बॅककंट्री हंटिंग’ म्हणतात. त्यात नेमबाजीपेक्षा अधिक महत्त्व एका प्रश्नाला असते. हरणे आहेत, पण माणसे नाहीत, अशी जागा शोधायची कशी?

भारतीय वाचकाला हा विषय काहीसा दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौसेखातर होणारी शिकार संपुष्टात आली. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तेथे वन्यप्राणी जमीनमालकाचे नसून जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असतात. किती प्राणी मारता येतील, हे राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी ठरवते. परवान्यांचे शुल्क हा या खात्यांच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत आहे. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय उत्पादन शुल्क वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटले जाते. त्यामुळे शिकारी हा तेथे संवर्धनाच्या व्यवस्थेतील एक घटक मानला जातो.

कायद्याने राखलेला एकांत

रॉकी पर्वतातील निर्जनता केवळ निसर्गदत्त नाही. तिच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा धोरणात्मक इतिहास आहे. वनाधिकारी आणि विचारवंत आल्डो लिओपोल्ड यांनी १९२१ मध्येच एक कल्पना मांडली होती. रस्ते आणि इमारती नसलेला, शिकार व मासेमारीस खुला आणि दोन आठवड्यांची खेचरांवरील भटकंती सामावून घेईल एवढा विस्तीर्ण प्रदेश राखून ठेवावा, अशी ती कल्पना होती. त्यांच्याच प्रयत्नांतून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला येथे असा पहिला प्रदेश राखला गेला. लिओपोल्ड स्वतः शिकारी होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे हॉवर्ड झानायझर यांनी लिहिलेल्या मसुद्यावरून ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’ तयार झाला आणि ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. झानायझर त्याआधी चारच महिने निवर्तले होते. प्रारंभी सुमारे ९१ लाख एकर क्षेत्र या कायद्याखाली आले. आज ते ११ कोटी एकरांहून अधिक असून अशा प्रदेशांची संख्या ८०० च्या वर गेली आहे. आयडाहोतील ‘फ्रँक चर्च–रिव्हर ऑफ नो रिटर्न’ हा प्रदेश एकटाच २३ लाख एकरांहून मोठा आहे; म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याहूनही विस्तीर्ण. कोलोरॅडोतील वेमिनूच हा प्रदेश सुमारे पाच लाख एकरांचा आहे.

या कायद्याच्या व्याख्येतच एकांताची उत्तम संधी हा वाइल्डरनेसचा एक गुण म्हणून नमूद आहे. तेथे मोटारी, दुचाक्या, यांत्रिक करवती यांना मज्जाव आहे. साधी सायकलही चालत नाही. पायी किंवा घोड्या-खेचरांवरूनच जाता येते. वनखात्याच्या अखत्यारीतील अशा प्रदेशांत राज्याच्या नियमांनुसार शिकार करता येते. राष्ट्रीय उद्यानांत मात्र ती सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. नकाशावरील वाइल्डरनेसची सीमारेषा हीच शिकाऱ्यांच्या गर्दीची पहिली चाळणी ठरते, ती यामुळेच.

म्यूल डियरचे उन्हाळी घर

या उंचीवरील प्रमुख सावज म्हणजे म्यूल डियर. सांबर आणि चितळ यांच्याच सारंग कुळातील हा प्राणी. खेचरासारख्या लांब कानांमुळे त्याला हे नाव मिळाले. शेपटीचे टोक काळे असते आणि नराची शिंगे दुबेळक्यासारखी फुटत जातात. उन्हाळ्यात वयस्क नर वृक्षरेषेच्या वर, वाटीसारख्या खोलगट कुरणांत लहान टोळ्या करून राहतात. तेथे पौष्टिक चारा असतो, वारा असतो, त्यामुळे माश्यांचा त्रास कमी होतो आणि शत्रू दुरून दिसतो.

ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शिंगांवरील मखमली त्वचा गळून पडते. त्यानंतर नर उघड्या कुरणांतून खालच्या दाट झाडीत सरकू लागतात आणि दिसेनासे होतात. हिमवृष्टी सुरू झाली की कळप हिवाळी कुरणांकडे उतरतात. वायोमिंगमधील रेड डेझर्ट ते होबॅक या मार्गावर म्यूल डियर सुमारे २४० किलोमीटरचे स्थलांतर करतात, असे संशोधकांनी नोंदले आहे. म्हणून जागा शोधताना तारखेचा विचार अटळ ठरतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरणांनी भरलेले कुरण ऑक्टोबरच्या अखेरीस पूर्णपणे रिकामे असू शकते.

परवान्याची सोडत

गर्दी टाळण्याची दुसरी चाळणी कागदावरची असते. कोलोरॅडोत १९९९ पासून हरणांचे सर्व परवाने मर्यादित असून ते सोडतीने दिले जातात. राज्याचे अनेक विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागासाठी, प्रत्येक हंगामासाठी आणि प्रत्येक शस्त्रासाठी परवान्यांची संख्या वेगळी असते. धनुष्यबाण, ठासणीची बंदूक आणि रायफल यांचे हंगाम निराळे. काही वाइल्डरनेस क्षेत्रांत सप्टेंबरमध्ये रायफलचा एक अल्पकालीन विशेष हंगामही असतो. सोडतीत नाव न लागणाऱ्याला प्राधान्य गुण मिळतो. काही नामांकित विभागांसाठी दहा वर्षांहून अधिक काळ गुण साठवावे लागतात, तर काही विभागांत ते पहिल्याच अर्जात मिळून जाते.

मागील वर्षी प्रत्येक विभागात किती शिकारी उतरले आणि किती हरणे मारली गेली, याची आकडेवारी वन्यजीव खाते प्रसिद्ध करते. जाणता शिकारी केवळ यशाचे प्रमाण पाहत नाही. शिकाऱ्यांच्या संख्येला त्या विभागातील सरकारी जमिनीच्या क्षेत्रफळाने भागून तो गर्दीचा अंदाज बांधतो. यशाचे प्रमाण मध्यम पण माणसे विरळ असा विभाग अनेकदा अधिक समाधान देतो. परवान्यांची संख्या कायम राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात वायोमिंगचा पश्चिम आणि कोलोरॅडोचा वायव्य भाग येथे असंख्य हरणे दगावली. त्यामुळे २०२३ मध्ये तेथील परवान्यांत कपात करण्यात आली.

वायोमिंगचा एक नियम परप्रांतीयांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. राज्याबाहेरील शिकाऱ्याला तेथील वाइल्डरनेसमध्ये मोठ्या सावजाची शिकार करताना परवानाधारक वाटाड्या किंवा रीतसर परवानगी घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत असावाच लागतो. साहजिकच अनेकजण त्या प्रदेशाकडे फिरकत नाहीत.

नकाशावरील रिकाम्या जागा

विभाग निश्चित झाला की नकाशाचे काम सुरू होते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे १:२४,००० प्रमाणाचे समोच्च रेषांचे नकाशे आणि उपग्रहचित्रे ही त्यासाठीची मुख्य साधने होत. प्रथम माणसे कोठे जातील याचा विचार केला जातो. गाड्यांचे तळ, मुख्य पाऊलवाटा, मासे असलेली तळी आणि नावाजलेली शिखरे या जागा वगळल्या जातात. कोलोरॅडोत १४,००० फुटांहून उंच अशी पन्नासांहून अधिक शिखरे आहेत. त्यांच्या वाटांवर सप्टेंबरमध्येही गिर्यारोहकांची वर्दळ असते.

उरलेल्या नकाशात मग अडचणी शोधल्या जातात. पाऊलवाट नसलेली कुरणे, एका दमात दोन हजार फुटांचा उभा चढ, पुलावाचून ओलांडावी लागणारी नदी, वादळात उन्मळून पडलेल्या वृक्षांनी अडलेली सोंड किंवा पाणी वाहून न्यावे लागेल अशी कोरडी धार यांपैकी एखादा अडसर असला की बहुतेकजण माघारी वळतात. केवळ अंतर वाढवून एकांत मिळतोच असे नाही. आठ-दहा किलोमीटर आत असलेल्या तळ्याकाठी खेचरांवरून आलेल्या मंडळींचा तळ पडलेला असू शकतो, आणि रस्त्यापासून अवघ्या दीड किलोमीटरवरील एखाद्या घळीकडे कोणाचेच लक्ष गेलेले नसते, कारण सारे तिला ओलांडून पुढे जातात.

दोन गोष्टींची चौकशी स्थानिक वनकार्यालयात करावी लागते. उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप कोणत्या कुरणांत चरावयास सोडले आहेत आणि व्यावसायिक वाटाड्यांना तळासाठी कोणती जागा दिली आहे, या त्या दोन गोष्टी. मेंढ्या चरून गेलेल्या कुरणात हरणे क्वचितच टिकतात. हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी सर्वाधिक गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत ती बरीच ओसरते.

दुर्बिणीचा खेळ

आपल्याकडील जुन्या शिकारकथांतील हाका आणि मचाण येथे नाहीत. पहाटेपूर्वी एखाद्या उंच धारेवर जाऊन बसायचे आणि समोरचा उतार दुर्बिणीने इंच-इंच न्याहाळायचा, अशी ही पद्धत आहे. उजाडल्यानंतरचे दोन तास मोलाचे असतात. ऊन चढले की नर कड्याच्या सावलीत किंवा खुरट्या झुडपांच्या आडोशाला बसतो. त्याची बसण्याची जागा निश्चित झाली की वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. सकाळी उतार तापू लागला की हवा वर सरकते. सायंकाळी ती थंड होऊन दरीत उतरते. म्हणून दिवसा वरच्या बाजूने जवळ जाणे इष्ट ठरते. या दोन प्रवाहांच्या संधिकाळात घाई करणाऱ्याचा गंध हरणापर्यंत पोहोचतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

परतीचे ओझे

निर्जन जागेची खरी किंमत शिकार साधल्यानंतर मोजावी लागते. प्रौढ नराचे हाडे काढलेले मांस साधारण तीस किलो भरते. त्यात तंबू, अंथरूण आणि उरलेला शिधा मिळवला तर एका फेरीत सारे नेणे एकट्या माणसाला बहुधा शक्य होत नाही. आठ किलोमीटर आत पडलेले हरीण दोन फेऱ्यांत बाहेर आणायचे तर चोवीस किलोमीटर चालावे लागते आणि त्यातील सोळा किलोमीटर जड ओझ्यासह असतात. सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन तापते. कातडे लवकर काढून मांस सच्छिद्र कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगले नाही, तर ते नासते. खाण्यायोग्य मांस वाया घालवणे हा या राज्यांत गुन्हा आहे. वायोमिंग आणि मोंटानाच्या काही भागांत ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने मांस तंबूपासून दूर ठेवावे लागते.

‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या रोगाचीही दखल घ्यावी लागते. मेंदूचा ऱ्हास घडवणारा हा रोग प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रातील म्यूल डियरमध्ये दिसला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि रोगग्रस्त भागातील हरणाची तपासणी करून घ्यावी आणि बाधित मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. मेंदू आणि कणा राज्याबाहेर नेण्यावर अनेक ठिकाणी निर्बंध आहेत.

याशिवाय विरळ हवेचा त्रास, दुपारच्या विजा आणि सप्टेंबरातही अवचित पडणारे हिम हे धोके असतातच. बहुतेक दऱ्यांत मोबाइलचा संपर्क मिळत नाही. म्हणून उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र जवळ बाळगणे आणि जाण्याचा मार्ग घरी लिहून ठेवणे आवश्यक मानले जाते.

एकांताचे भवितव्य

पूर्वी वर्षानुवर्षांच्या पायपिटीतून मिळणारी माहिती आता मोबाइलच्या पडद्यावर काही मिनिटांत दिसते. जमिनीच्या सीमा, पाऊलवाटा आणि उताराचा कल दाखवणारे नकाशे सर्वांच्या हाती आल्याने पूर्वीच्या अज्ञात कुरणांवरही तंबू दिसू लागले आहेत. राज्यांनी त्यावर काही मर्यादा घातल्या आहेत. कोलोरॅडोत सावज हुडकण्यासाठी ड्रोन वापरता येत नाही. अ‍ॅरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी जंगलात लावल्या जाणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांवर बंदी घातली.

डोंगराचा चढ आणि मांसाचे वजन मात्र कोणत्याही यंत्राने कमी झालेले नाही. त्यामुळे अनुभवी शिकारी जागा निवडताना आत किती दूर जाता येईल, यापेक्षा तेथून सारे मांस न नासता किती दूरवरून परत आणता येईल, हे आधी ठरवतात. नकाशावर त्या अंतराची मर्यादा आखून घेतली जाते आणि तिच्या पलीकडील कुरण कितीही मोहक असले तरी सोडून दिले जाते.