चित्रकथेचा मान

लहान गांवच्या साहित्यसंमेलनांत स्थानिक लेखकांच्या पंक्तीस चित्रकादंबरीकार बसला, कीं ‘हा कसला साहित्यिक?’ असा प्रश्न निघतो. इतिहासाची साक्ष मात्र त्याच्याच बाजूची आहे. कुडाळजवळील पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी श्रोत्यांपुढें धरून, वाद्यांच्या साथीनें रामायण-महाभारतांतील कथा सांगत आले. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें ‘चित्ररामायण’ १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९३५ सालीं इंदूरच्या संमेलनाचें अध्यक्षपदहि त्यांस लाभलें. चित्रकार असणें तेव्हां आड आलें नाहीं.

परंतु आड येतें तें निराळेंच. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली ती २०२१ सालीं, आणि तीहि कलावंत म्हणून. साहित्यिक म्हणून नव्हे! सर्वांचे मानवी हक्क ज्यांस मान्य नाहींत, त्यांच्याशीं आपला मेळ बसत नाहीं, असें कळवून जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ग्रंथकारसभेस जाण्याचें नाकारलें होतें. पंक्तीस कोणास बसवावयाचें, हा प्रश्न साहित्यप्रकाराचा दिसतो; वस्तुतः तो माणसांचा आहे. लहान गांवच्या मंडपांत लेखक व चित्रकथाकार एकाच सतरंजीवर बसत असतील, तर त्या गांवानें मोठ्या सभांस धडाच घालून दिला, असें आम्ही समजतों.