ई-टपालपेटी : बिघाड व दुरुस्ती

संगणकजालावरून आलेले संदेश प्राप्तकर्त्याच्या नावे जेथे साठविले जातात, त्या जागेस ई-टपालपेटी म्हणतात. व्यवहारात ‘इनबॉक्स’ हे नाव रूढ आहे. दारावरील टपालपेटीप्रमाणे ही पेटी वरचेवर रिकामी केली जाईल, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात ती कार्यालयाचे दप्तर बनली. तिचे अनेक बिघाड या बदलातून उद्‌भवले आहेत.

इतिहास : अमेरिकेतील अर्पानेट या संगणकजालावर रे टॉम्लिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठविला व पत्त्यासाठी ‘ॲट’ हे चिन्ह योजिले. त्यांच्या पद्धतीत पेटी ही एक साधी फाइल असून नवा संदेश तिच्या शेवटी जोडला जाई. युनिक्स प्रणालीवरही ‘एमबॉक्स’ या नावाने अशीच रचना रूढ झाली. तीत दोन आज्ञावलींनी एकाच वेळी लेखन केल्यास किंवा लेखन चालू असता वीज गेल्यास संदेशांच्या सीमा बिघडत व पुढील मजकूर वाचता येत नसे. प्रत्येक संदेश स्वतंत्र फाइलीत ठेवणारी ‘मेलडिर’ ही रचना डॅनिअल बर्नस्टाइन यांनी १९९०–२००० या दशकात पुढे आणली. त्यामुळे एका संदेशातील दोष त्याच्यापुरताच मर्यादित राहू लागला.

अनाहूत संदेशांचा आरंभही जुनाच आहे. ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीची जाहिरात अर्पानेटवरील शेकडो जणांना एकाच वेळी पाठविण्यात आली. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या विषाणूने प्राप्तकर्त्याच्या पत्तायादीतील सर्वांना स्वतःच्या प्रती धाडून जगभरातील पेट्या भरून टाकल्या.

भारतातील प्रसार : शिक्षण व संशोधन संस्थांसाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व भारतीय तंत्रविज्ञान संस्था या सहभागी होत्या. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली केली.

मुंबईच्या उत्तरेस सु. १०० किमी. वरील बोईसर-तारापूर परिसर १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या अणुवीज केंद्रामुळे व पुढे औद्योगिक वसाहतीमुळे प्रसिद्धीस आला. तेथे रसायने, औषधे, कापड, पोलाद इत्यादींचे कारखाने आहेत. महानगरांबाहेरील अशा वसाहतींत प्रारंभी टपाल दूरध्वनीच्या तारेवरूनच उतरवून घ्यावे लागे. जोडपत्र संदेशासोबत पाठविताना त्याचे अक्षरचिन्हांत रूपांतर होऊन आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. परिणामी सेकंदास ९·६ किलोबिट या वेगाने एक मेगाबाइटचा चाचणी-अहवाल उतरण्यास किमान १८ मिनिटे लागत. ‘पॉप’ या नियमपद्धतीत संदेश पुसण्याची क्रिया जोडणी रीतसर संपल्यावरच पूर्ण होते. मध्येच तार तुटल्यास तेच संदेश पुन्हा उतरत आणि पेटीत दुबार प्रती साचत. याउलट, टपाल नीट उतरल्यावर मध्यवर्ती संगणकावरील प्रत बहुधा पुसली जाई. मग एकमेव प्रत कार्यालयातील संगणकावर उरे.

बिघाडाची कारणे : ‘आउटलुक’ या आज्ञावलीच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत एका फाइलीची मर्यादा दोन गिगाबाइट होती. ती ओलांडल्यास फाइल उघडत नसे. उत्पादकांनी दिलेले साधन फाइलीचा काही भाग छाटून उरलेला वाचवी. छाटलेला मजकूर कायमचा जाई. संदेश पुसला, तरी फाइलीतील त्याची जागा संकोचनाची क्रिया होईपर्यंत मोकळी होत नाही. ही क्रिया अर्धवट थांबविल्यासही हानी संभवते. क्वचित विषाणुरोधक आज्ञावली एका दूषित संदेशासाठी संपूर्ण पेटीच बाजूस काढते. मध्यवर्ती संगणकावरील वाटा भरल्यास नवे संदेश प्रेषकाकडे परत जातात व प्राप्तकर्त्यास त्यांचा पत्ताही लागत नाही.

दुरुस्ती : प्रथम आज्ञावली बंद करून सदोष फाइलीची प्रत दुसऱ्या तबकडीवर घेतात. दुरुस्तीचे साधन मूळ फाइलीवर न चालविता प्रतीवर चालवितात, कारण ते न समजलेला भाग टाकून देऊ शकते. तबकडीवर पुरेशी मोकळी जागा आहे, याचीही खात्री करून घेतात. त्यानंतर जुने संदेश वर्षवार वेगळे करणे, मोठी जोडपत्रे अन्यत्र ठेवणे व शेवटी संकोचन करणे, हा क्रम इष्ट ठरतो. नियमित राखीव प्रत हा मुख्य प्रतिबंधक उपाय होय.

अभिलेख म्हणून महत्त्व : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांस वैधानिक मान्यता दिली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे सार्वजनिक कार्यालयातील भरलेली पेटी केवळ जागेसाठी रिकामी करणे, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न राहिलेला नाही. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा शासकीय पत्रव्यवहारात ई-टपाल रुळलेले होते. ठाण्याच्या जुन्या कारभाराचा मागोवा कागदी दप्तरांतून घेता येतो. पालघरच्या बाबतीत मात्र आरंभीच्या पत्रव्यवहाराचा काही भाग ई-टपालपेट्यांत शोधावा लागेल. तो कितपत उपलब्ध होईल, हे पेट्या रिकाम्या करताना कोणते संदेश निवडून जतन केले गेले, यावर अवलंबून आहे.